पकडलेल्यांचं पुढे काय झालं, तेही सांगा : पुणे पोलिसांना खुलं पत्र

प्रति,
मा. पोलीस आयुक्त, पुणे शहर,
आणि वाहतूक शाखेतील सर्व अधिकारी व कर्मचारी

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त परिचारिका आहे. नोकरीचा बराचसा काळ हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत, म्हणजे तातडीच्या विभागात, त्यातही रात्रपाळीत गेला. आता वडगाव शेरीत राहते. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांविरुद्ध तुम्ही जी मोहीम चालवता ती मला मनापासून हवी आहे. ती वर्षभर चालावी आणि शहराला नीट समजावी, यासाठी हे पत्र लिहिते आहे.

आज ती समजत नाही. दर १ जानेवारीला पेपरात एक आकडा येतो, आदल्या रात्री इतक्या तळीरामांवर कारवाई. गटारीनंतर येतो, धुळवडीनंतर येतो. आपण तो वाचतो, 'बरं झालं' म्हणतो आणि पान उलटतो. त्या माणसांचं पुढे काय झालं हे मात्र कधीच कळत नाही. खटले किती उभे राहिले, दंड किती जणांना झाला, तुरुंगात कोणी गेलं का, परवाने किती निलंबित झाले, दुसऱ्यांदा सापडलेले किती, निर्दोष सुटले ते कशामुळे? यातलं काही ना चौकात कळतं, ना पेपरात.

आणि जे कळत नाही तिथे लोक आपली समजूत भरतात. आमच्या सोसायटीत, भाजीच्या गाडीवर, रिक्षात मी ऐकते : "काही होत नाही हो, सेटिंग करतात." "ओळख असली की सोडतात." "पावती फाडायची आणि निघायचं." बोलणारी माणसं वाईट नाहीत. हेल्मेट घालतात, सिग्नलला थांबतात, पण नाकाबंदी म्हणजे वसुली ही गाठ त्यांच्या मनात पक्की बसली आहे. २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्ती सुरू झाली तेव्हा या शहरानं रस्त्यावर उतरून विरोध केला होता. दारूच्या मोहिमेला असा उघड विरोध कोणी करत नाही. सगळे मान डोलावतात आणि रात्री गल्लीबोळातून गाडी काढतात. माझ्या मते हा विरोध जास्त अवघड आहे, कारण तो समोर येतच नाही.

म्हणून पहिली विनंती अशी की कायदा काय आहे हे लोकांना साध्या मराठीत सांगा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. हा मोबाइलवर येणाऱ्या ई-चलनाचा मामला नाही, सिग्नल तोडल्यासारखे पैसे भरून मोकळं होता येत नाही, प्रकरण कोर्टात जातं. परवान्याचा प्रश्न आणखी वेगळा. रस्ता सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २०१५ मध्येच राज्यांना सांगितलं होतं की अशा चालकाचा परवाना किमान तीन महिन्यांसाठी निलंबित करा. किती पुणेकरांना हे माहीत आहे? माझ्या ओळखीतल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही नाही. त्यांना दोन हजारांचा जुना दंड आठवतो.

आणखी एक गोष्ट लोकांना ठाऊक नसते. फुंकायला नकार दिला म्हणजे सुटका झाली असं नाही. संशयाला वाजवी कारण असेल तर गणवेशातला अधिकारी श्वासाची चाचणी मागू शकतो, आणि नकार देणाऱ्याला वॉरंटशिवाय अटक करता येते. त्याचा तो नकार पुढे कोर्टात त्याच्याविरुद्धच उभा राहतो. उलट बाजूही सांगा. चाचणी मागणारा गणवेशात हवा. कलम १८५ खाली अटक झाली तर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हायला हवी, नाहीतर त्या माणसाला सोडावं लागतं. लोकांना स्वतःचे हक्क कळले तर मोहीम कमजोर होईल अशी भीती बाळगू नका. ज्याला नियम दोन्ही बाजूंनी माहीत असतात, त्याला सेटिंगची भाषा बोलायला जागा उरत नाही.

श्वास तपासायच्या यंत्राबद्दलही बोला. कोरोनाच्या काळात या चाचण्या थांबल्या होत्या. तेव्हापासून 'तीच नळी सगळ्यांच्या तोंडात' ही धास्ती अनेकांच्या मनात राहिली आहे. प्रत्येकासाठी नवी, पाकीटबंद नळी असते, ती त्याच्यासमोर फोडा. यंत्राचं प्रमाणीकरण, म्हणजे ते बरोबर मोजतं ना याची तपासणी, शेवटचं कधी झालं याची चिठ्ठी यंत्रालाच चिकटवा. पडद्यावरचा आकडा त्याला वाचू द्या. याला खर्च जवळजवळ नाही, आणि समोरचा माणूस घरी जाऊन जे सांगेल ते बदलेल.

आता मी जे पाहिलं त्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण मोहीम तुमच्या चौकात सुरू होत असली तरी ती तिथे संपत नाही. ती हॉस्पिटलच्या टेबलावर येते आणि पुष्कळदा तिथेच गळते.

रात्री एक-दीडनंतर अपघाताचा पेशंट येतो. स्ट्रेचर आत आलं की वास आधी येतो. डॉक्टर जखम बघत असतात, एमएलसीचा, म्हणजे पोलीस प्रकरणाच्या नोंदीचा, कागद भरायचा असतो, तेवढ्यात नातेवाईक पोचतात. त्यांच्यातला एकजण मला बाजूला घेतो आणि हात जोडतो : "सिस्टर, दारूचं तेवढं लिहू नका, क्लेम जाईल." त्या माणसाचा राग येत नाही. त्याच्या घरातला कमावता माणूस आत पडलेला असतो. पण कागदावर 'वास येत आहे' या तीन शब्दांची जागा अशा रात्री कोरी राहू शकते. मी ज्या ज्या ठिकाणी काम केलं तिथे हा दबाव पाहिला आहे. कधी तो हात जोडून येतो, कधी फोनवरून.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, असं केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्यातल्या तीन टक्क्यांहूनही कमी मृत्यूंच्या पुढे दारू किंवा अमली पदार्थ हे कारण लिहिलेलं आहे. रात्रपाळी केलेल्या कुणाही परिचारिकेला हा आकडा दाखवा आणि तिचा चेहरा बघा. कागदावर जे येत नाही ते अहवालात येत नाही, आणि अहवालात नसलेल्या गोष्टीसाठी माणसं आणि पैसा मिळत नाही.

विम्याबद्दलचा गैरसमजही तुम्हीच दूर करू शकता. चालक दारू प्यायलेला असेल तर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारू शकते, हे खरं. पण ज्याला त्यानं धडक दिली त्या तिसऱ्या माणसाची भरपाई सहसा बुडत नाही; अपघात भरपाईचं न्यायाधिकरण कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मग ते गाडीमालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे दारूची नोंद झाली म्हणून धडक बसलेल्याचं कुटुंब उघड्यावर पडत नाही. हे माहीत असतं तर तो माणूस माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला नसता, निदान अपघातात चूक दुसऱ्याची असताना तरी नाही.

आता रक्ताच्या नमुन्याबद्दल. दारूच्या तपासणीसाठी रक्त घेताना कातडी स्पिरिटनं पुसायची नसते, कारण स्पिरिट म्हणजेच अल्कोहोल. सोडियम फ्लोराइड घातलेली बाटली वापरायची, नाहीतर ठेवल्या ठेवल्या रक्तातलं प्रमाण बदलू शकतं. नाव, वेळ, सही, सील, आणि मग थंडाव्यात ठेवून प्रयोगशाळेकडे. साध्या गोष्टी आहेत, पण पहाटे तीनला, तीन पेशंट एकदम आलेले असताना, त्यातली एक चुकली तरी कोर्टात बचावाच्या वकिलाला तेवढी पुरते.

आणि वेळ. शरीर साधारण तासाला, दर १०० मिलिलीटर रक्तामागे, १५ मिलिग्रॅम या वेगानं रक्तातलं अल्कोहोल कमी करत असतं. अपघाताच्या क्षणी ७० असलेला आकडा साडेतीन तासांनी रक्त घेतलं तर १८ च्या आसपास येतो, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या आत. जो उशीर करू शकतो तो सुटू शकतो. उशीर कोणाला करता येतो हे मी सांगायची गरज नाही.

१९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगरात पोर्श गाडीच्या धडकेत दोन तरुण इंजिनियर गेले, त्यानंतर सगळ्या देशानं पुण्याकडे पाहिलं. माझं घर तिथून लांब नाही. सतरा वर्षांच्या चालकाला काही तासांत जामीन आणि तीनशे शब्दांचा निबंध, हे लोकांच्या लक्षात राहिलं. माझ्या लक्षात राहिलं ते पुढचं : रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप आणि त्यावरून डॉक्टरांना झालेली अटक. खटला न्यायालयापुढे आहे, त्यावर मी निकाल देणार नाही. पण ज्या खोलीत आम्ही काम केलं त्या खोलीवरचा विश्वास त्या आठवड्यात तुटला, आणि तो अजून पुरता जुळलेला नाही. एखाद्या साध्या घरातल्या बाईला आज मी म्हटलं, 'नमुना घेतलाय, न्याय होईल', तर ती माझ्याकडे बघते आणि गप्प बसते.

हा विश्वास परत मिळवायचा तर नमुन्याचा प्रवास उघडा करावा लागेल. कॅमेऱ्यासमोर रक्त घ्या. सील करताना पोलीस आणि हॉस्पिटल दोघांची सही असू द्या. नमुना किती वाजता घेतला, किती वाजता न्यायसहायक प्रयोगशाळेत पोचला, अहवाल किती दिवसांत आला, या तीन वेळांची सरासरी दर महिन्याला जाहीर करा. कुणाचं नाव नको, नुसत्या वेळा पुरेत. शहराला कळू द्या की दोन तास म्हणजे दोनच तास असतात.

कल्याणीनगरनंतर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये वाघोलीत केसनंद फाट्याजवळ फुटपाथवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून डंपर गेला. तिघे गेले, त्यात दोन लहान मुलं. चालक दारू प्यायलेला होता असं पोलिसांनीच सांगितलं. त्या मुलांसाठी मेणबत्त्या घेऊन फारसं कोणी बाहेर पडलं नाही. मी हे दोष द्यायला लिहीत नाही. मला एवढंच म्हणायचं आहे की तुमची नाकाबंदी आम्हाला दिसते ती कोरेगाव पार्क, मुंढवा, बाणेर अशा भागांत, मोठ्या गाड्यांपुढे. डंपर, टँकर, मिक्सर रात्री ज्या रस्त्यांनी येतात तिथे, खाणीच्या आणि बांधकामांच्या रस्त्यांवर, ती का दिसत नाही?

आणि दुचाकी. कॅज्युअल्टीत मी जे पाहिलं त्यात पोर्श एकही नव्हती. होते ते दुचाकीवरचे. परमिट रूममधून निघालेले, लग्नाच्या वरातीतून निघालेले, ढाब्यावरून निघालेले, पानशेत-डोणज्याकडून रविवारी संध्याकाळी परतणारे. एक गाडी, एक माणूस, डिव्हायडर. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी, 'नियंत्रण सुटल्याने'. ते नियंत्रण कशानं सुटलं हे त्या दोन ओळींत नसतं. पावसाळ्यातल्या रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ खडकवासल्याच्या रस्त्यावर उभं राहून पाहा. रात्रीच्या नाकाबंदीला हे लोक सापडतच नाहीत, कारण ते उजेडात पितात आणि संधिप्रकाशात घरी निघतात.

इथे हद्दीचा प्रश्न येतो हे मला कळतं. डोणज्यात पिणारा धायरीत राहतो. तिकडे ग्रामीण पोलीस, इकडे तुम्ही. बाणेरात पिणारा हिंजवडीत राहतो, तिथे २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय. गाडीला हद्द नसते. तिन्ही पोलीस दलांनी एकाच संध्याकाळी, एकाच रस्त्याच्या दोन्ही टोकांना उभं राहायचं ठरवलं तर ती बातमी महिनाभर बोलली जाईल.

शिक्षा वाढवा असं मी म्हणत नाही, ती कागदावर पुरेशी कडक आहे. दारू पिणारा माणूस सहा महिन्यांच्या कैदेचा विचार करून किल्ली फिरवत नाही. तो एवढाच हिशेब करतो : आज वाटेत कोणी असेल का? ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यानं डिसेंबर १९८२ पासून रस्त्यावर कुणालाही, कधीही थांबवून श्वासाची चाचणी घ्यायला सुरुवात केली. संशयाची अट ठेवली नाही, आणि जाहिरात एवढी केली की प्रत्येक माणसाला वाटावं, पुढच्या वळणावर आपल्यालाच थांबवणार. तिथले दारूमुळे होणारे मृत्यू खूप घटले. आपल्याकडे कायद्याला संशयाचं वाजवी कारण लागतं, हा फरक आहे. पण काच खाली करून दोन वाक्यं बोललं की कारण मिळतं, हे तुमच्या हवालदारांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

त्या हिशेबाचं उत्तर आज व्हॉट्सअॅपवर मिळतं. 'झेड ब्रिजला लावलेत', 'संगमवाडीकडून जाऊ नका'. दहा मिनिटांत शेकडो मोबाइलवर. असे ग्रुप बंद करायच्या मागे लागू नका, ते बंद होणार नाहीत. एका जागी चार तास उभं राहण्याऐवजी चाळीस मिनिटांत जागा बदला, मग तो मेसेजच निरुपयोगी होईल. आणि ग्रुपमधल्यांना मी इथूनच विचारते : तुम्ही ज्याला वाट दाखवली तो घरी पोचला का, याची चौकशी कोणी करतं का? त्या रात्री त्याच गल्लीत तुमची मुलगी स्कूटरवरून क्लासहून किंवा शिफ्टहून येत नव्हती ना?

सकाळच्या तपासणीबद्दलही लोकांना सांगा. रात्री दोनला ज्याच्या रक्तात १५० मिलिग्रॅम आहे त्याच्या रक्तात सकाळी आठला अजून साधारण ६० असतं, मर्यादेच्या दुप्पट. तो अंघोळ करतो, ब्लॅक कॉफी पितो, ताजातवाना दिसतो आणि मुलाला शाळेत सोडायला निघतो. कॉफीनं, लिंबू पाण्यानं, थंड पाण्याच्या शॉवरनं रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. फक्त वेळानं होतं. शिवाय पोटात गेलेली दारू रक्तात पूर्ण चढायला अर्धा ते दीड तास लागू शकतो. 'शेवटचा पेग आत्ताच घेतलाय, अजून चढली नाही' म्हणत निघणाऱ्याला ती रस्त्यात चढते, हडपसरच्या उड्डाणपुलावर किंवा नवले पुलाच्या उतारावर. ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त जाते. ब्रेकवर पाय पडायला अर्धा सेकंद जास्त लागला तर आठ मीटर गेले. झेब्रा क्रॉसिंगवरच्या माणसाला तेवढे आठ मीटर कुठून मिळणार?

हे सगळं तुमच्या फलकांवर असायला हवं. आज फलकावर इंग्रजी यमक असतं आणि कवटीचं चित्र. यमक वाचून कोणी थांबलेलं मी ऐकलं नाही. फलकावर लिहा : ३० मिलिग्रॅम, कोर्ट, सहा महिने. मराठीत लिहा, हिंदीत लिहा, आणि ट्रक जिथे थांबतात तिथे कन्नडमध्येही.

कलम १८८ तर बहुतेकांनी ऐकलेलंच नाही. दारू पिऊन गाडी चालवण्याला जो मदत करतो, चिथावतो, त्यालाही त्या गुन्ह्याचीच शिक्षा आहे. जो मित्राला म्हणतो 'काही नाही होत, चल, तूच घे गाडी' आणि किल्ली त्याच्या हातात ठेवतो, तोही त्यात येऊ शकतो. जपाननं २००७ मध्ये चालकाला दारू पाजणारा, गाडी देणारा आणि गाडीत शेजारी बसणारा या सगळ्यांवर शिक्षा बसवली. आपल्याकडे निदान जे कलम आहे ते वर्षातून चार-पाच वेळा वापरून दाखवा आणि वापरलं की सांगा. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देणाऱ्या आईबापांना कलम १९९अ सांगा : पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभेत येऊन एक अधिकारी हे दहा मिनिटांत सांगू शकतो. आमच्या सोसायटीत या, चहा मी करते.

परत कसं जायचं हा प्रश्नही आहेच. मेट्रो अकराच्या सुमारास थांबते, बार दीडपर्यंत चालतो, आणि मधल्या वेळात रिक्षा मीटरनं येत नाही. गणेशोत्सवात मेट्रो उशिरापर्यंत धावते, मग ३१ डिसेंबरला का नको? हे काम एकट्या पोलिसांचं नाही, पण मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रोला आणि शहराच्या बस चालवणाऱ्या पीएमपीएमएलला तुमच्याकडून गेलेलं पत्र माझ्या पत्रापेक्षा जास्त ऐकलं जाईल.

जागृतीसाठी पुण्याकडे जे साधन आहे ते दुसऱ्या कुठल्या शहराकडे नाही. गणेश मंडळांचे जिवंत देखावे बघायला उपनगरांतून, गावांतून माणसं येतात, मुलांना खांद्यावर घेऊन उभी राहतात. पेठांतल्या कार्यकर्त्यांबरोबर तुमच्या बैठका दर वर्षी होतात, आवाज आणि मिरवणुकीच्या वेळा ठरवायला. त्याच बैठकीत चार-पाच मंडळांना हा विषय द्या. कॅज्युअल्टीतला प्रसंग, कोर्टातला प्रसंग, नाकाबंदीवरचा संवाद. पाहिजे तर संहिता लिहायला मी येईन, माझ्यासारख्या आणखी निवृत्त सिस्टर येतील. ते संवाद आम्हाला पाठ आहेत.

तुमच्या माणसांबद्दल एक गोष्ट लिहायलाच हवी. जुलै २०२४ मध्ये फरासखाना भागात दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांवरच्या कारवाईच्या वेळी एका मद्यपीनं महिला पोलीस अधिकाऱ्यावर पेट्रोल ओतून पेटवायचा प्रयत्न केला. ती बातमी वाचून मी झोपले नाही. आम्हालाही दारू प्यायलेल्या पेशंटनं ढकललं आहे, शिव्या दिल्या आहेत, पण आमच्या भोवती निदान भिंती होत्या. तुमच्या बायका आणि पुरुष रात्री एक वाजता उघड्या चौकात उभे राहतात, समोरून येणारी गाडी थांबेल की अंगावर येईल हे माहीत नसताना. नाकाबंदीला पुरेसा उजेड, बॅरिकेड, परावर्तक जाकीट, कॅमेरा आणि पुरेशी माणसं असल्याशिवाय कुणाला उभं करू नका. आणि त्यांनी धरलेला माणूस कोर्टात टिकला की नाही हे त्यांनाही सांगा. मी एका तरुण हवालदाराला विचारलं होतं, 'तू पकडलेल्यांचं पुढे काय होतं रे?' तो म्हणाला, 'मावशी, ते आम्हाला पण नाही कळत.'

म्हणून माझी मागणी एकच आहे. येत्या ३१ डिसेंबरची नाकाबंदी लावण्याआधी, गेल्या ३१ डिसेंबरला ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांचा हिशेब जाहीर करा. एका पानावर मावेल. किती खटले दाखल, किती निकाली, किती दंड, किती कैद, किती परवाने निलंबित, किती प्रलंबित, आणि प्रलंबित का. तो कागद प्रत्येक पोलीस ठाण्याच्या दारात लावा, पेपरांना द्या, प्रत्येक परमिट रूमच्या गल्ल्याशेजारी लावायला सांगा. आकडे लाजिरवाणे असतील तरी लावा. पुढच्या वर्षी ते बरे झाले तर शहराला आपोआप कळेल.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
वडगाव शेरी, पुणे